कुत्र्याचे कोरडे डोळे

कुत्र्याच्या डोळ्यांत दाट, चिकट चिपडे साचू लागली, की आपण 'डोळे आले' असे म्हणून घरातलेच एखादे औषध घालतो. चार दिवस बरे वाटते. पुन्हा चिपडे येतात. असे वारंवार घडू लागल्यास डोळ्यांतील पाणीच तर आटले नाही ना, हे पाहावे. पग, शिह त्झू, कॉकर स्पॅनियल या जातींत हा विकार विशेष आढळतो.

बहुधा शरीराची रोगप्रतिकारक शक्तीच अश्रुग्रंथींवर उलटते. पाण्यावाचून बुबुळावरील पारदर्शक पडदा खरखरीत होतो, काळवंडतो आणि अखेरीस दृष्टीही जाऊ शकते.

परीक्षा सोपी आहे. खालच्या पापणीत कागदाची पट्टी एक मिनिट ठेवतात. ती १५ मिलिमीटर वा अधिक भिजली तर चिंता नाही. १० हून कमी भिजल्यास संशय घ्यावा. ५ पर्यंतच भिजल्यास विकार बळावला असे समजावे.

यावर सायक्लोस्पोरिनचे मलम देतात. बुरशीपासून मिळालेले हे औषध माणसांत अवयवरोपणासाठी वापरात आले. ते ग्रंथींवरील हल्ला थोपवते. चिपडे कोमट पाण्याने पुसून ते सामान्यतः दिवसातून दोनदा घालावे लागते. गुण येण्यास काही आठवडे जातात. आणि गुण आला म्हणून थांबवल्यास विकार उलटतो. बहुतेकांना ते जन्मभर लागते. स्टेरॉइडचे थेंब मात्र आपल्या मनाने घालू नयेत. डोळ्यात व्रण असल्यास डोळाच गमवावा लागेल.

सुरतेहून जवळच, नवसारीस, पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पशुवैद्याकडून ही परीक्षा वेळीच करून घ्यावी. मुक्या जिवाला दुखणे सांगता येत नाही; ते ओळखणे हे पाळणाऱ्याचे काम.