पेंडलचा डोंगर आणि बांगडीतल्या पिना

"मावशी, बुधवारी संध्याकाळी डोंगरावर शर्यत आहे. तुझं नाव देऊ का?" भाचीनं पोळी वाढता वाढता विचारलं आणि माझा घास तसाच राहिला. मैत्रिणींनो, वय ४६, गुडघे अधूनमधून बोलणारे, आणि धावणं म्हणजे एसटी पकडण्यापुरतं! शाळेत मी शंभर मीटर धावायची. दहावीनंतर घरचे म्हणाले, आता पुरे. मीही मुकाट्यानं पुरे केलं. पण 'लोक काय म्हणतील' मधले लोक आता सातासमुद्रापलीकडे होते. म्हटलं, दे!

भाची इंग्लंडच्या उत्तरेला, लँकेशायरमध्ये नर्स आहे. गेल्या जूनमध्ये तिच्याकडे महिनाभर राहिले. तिकडे उघड्याबोडक्या डोंगराला 'फेल' म्हणतात आणि डोंगरावरच्या धावण्याला फेल रनिंग. मला आधी नापासच आठवलं! उन्हाळ्यात तिथं रात्री साडेनऊलाही उजेड असतो, म्हणून माणसं कामावरून सुटून थेट डोंगराच्या पायथ्याशी येतात. ना बॅनर, ना पाहुण्यांची भाषणं. गावातल्या हॉलमध्ये नाव लिहायचं, चहा-नाश्त्याइतकी फी भरायची, छातीवर नंबर लावायचा. कमरेच्या पिशवीत पावसाचं जाकीट आणि शिट्टी हवी, कारण धुकं कधी उतरेल याचा नेम नाही.

बायकांमध्येसुद्धा चाळिशीच्या, पन्नाशीच्या, साठीच्या अशा वेगळ्या गटांत बक्षिसं होती. हे मला फार आवडलं. आपल्याकडे चाळिशीनंतर बाईला एकच गट, हळदीकुंकवाचा! माझ्या शेजारी साठी उलटलेली एक आजी नंबर हातात धरून उभी. टेबलावरच्या पिना संपलेल्या. मी बांगडीतल्या दोन काढून दिल्या. बांगडीत पिना ठेवतात हे बघून तिला इतकं नवल वाटलं!

डोंगराचं नाव पेंडल, उंची ५५७ मीटर. १६१२ साली याच परिसरातल्या बायकांवर, काही पुरुषांवरही, चेटूक केल्याचा खटला भरला आणि लँकेस्टरला त्यांना फाशी दिलं. आता गावात त्या चेटकिणींच्या बाहुल्या विकतात. मला काही ती बाहुली घ्यावीशी वाटली नाही. आमच्या कामात 'हिनंच करणी केली' म्हणून वाळीत टाकलेली बाई मी समोर बसवून ऐकलेली आहे. आपल्याकडे त्यासाठी २०१३ साली कायदा करावा लागला.

सात वाजता शिट्टी झाली. पहिली दोनशे पावलं मी सगळ्यांबरोबर होते, तेवढीच! पुढं दगडी पायऱ्यांचा उभा चढ. बघते तर निम्मे लोक हात गुडघ्यांवर टेकून चक्क चालतायत. चढावर चालायला तिथं कोणी लाजत नाही. मग मीही पदर खोचल्यासारखी कुर्त्याची टोकं खोचली आणि निघाले. मेंढ्या माझ्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे. माथ्यावर वारा असा, की डोळ्यांतून पाणीच आलं.

खरी परीक्षा उतारावर. गवताखाली ओला चिखल. मी मागं रेलून पाय टाकत होते आणि घसरत होते. दोनदा बसकण मारली, कोपर खरचटलं. अंगात थरथर सुटली, रडूच येणार होतं. पिनांवाली आजी अजून मागं होती, ती आली आणि ओरडून म्हणाली, "पुढं झुक, पावलं छोटी टाक!" आणि वाऱ्यासारखी निघून गेली. घाबरत घाबरत पुढं झुकले, आणि पाय खरंच धरू लागले. तेव्हा हिरकणी आठवली. दूध घालायला रायगडावर आलेली, दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या लेकरासाठी रात्री कडा उतरलेली.

नंतर भाचीनं सांगितलं, तिकडचीही एक हिरकणी आहे. जास्मिन पॅरिस, पेशानं जनावरांची डॉक्टर. २०१९ च्या जानेवारीत ४३१ किलोमीटरची स्पाइन रेस तिनं ८३ तास १२ मिनिटांत, सगळ्या पुरुषांनाही मागं टाकून जिंकली. घरी चौदा महिन्यांची मुलगी. वाटेतल्या थांब्यांवर ती अंगावरचं दूध काढून ठेवत होती.

मी सगळ्यांत शेवटी पोचले. माझ्या मागून एक स्वयंसेवक वाटेवरची निशाणं गोळा करत येत होता, म्हणजे माझ्यामागं शर्यतच उरली नव्हती! तरी सगळे थांबलेले, टाळ्या वाजवत. हॉलमध्ये चहा आणि घरी केलेले केक. घरी रात्रीचे दोन वाजलेले, तरी ह्यांना फोन लावला.

"काय झालं?" हे घाबरून म्हणाले.

"शर्यतीत धावले."

थोडा वेळ काहीच नाही. मग, "कितवी आलीस?"

"शेवटून पहिली!"

तेवढ्यात आजी आली. केकची बशी पुढं केली आणि माझ्या दोन्ही पिना आठवणीनं हातावर ठेवल्या. तिथंच त्या परत बांगडीत अडकवल्या.