नाव बदलले, हाक बदलली का?

बाप्तिस्म्यासाठी उभ्या राहिलेल्या प्रौढ माणसाचे नाव ‘कचरा’, ‘घसीटा’ किंवा ‘दुखी’ असेल, तर धर्मगुरूने काय करावे? प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. उत्तर भारतातील दलित वस्त्यांत तो तसा नाही. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील कलम ८५५ एवढेच सांगते की, ख्रिस्ती भावनेला परके असलेले नाव दिले जाऊ नये. १९१७ ची संहिता अधिक कडक होती. आईवडील ऐकत नसतील तर धर्मगुरूने एखाद्या संताचे नाव जोडावे आणि नोंदवहीत दोन्ही नावे लिहावीत, असा तिचा दंडक होता. दोन्हींना चिंता आहे ती धर्माच्या मानाची. ज्याला ते नाव आयुष्यभर वागवायचे, त्याच्या मानाविषयी या कलमांत चकार शब्द नाही.

अशी नावे दोन वाटांनी येतात. मुले जगत नाहीत म्हणून दृष्ट लागू नये यासाठी ठेवलेले ओंगळ नाव ही एक वाट. आपल्याकडचे दगडू-धोंडू तिकडूनच आले. ती मायेची आहे. दुसरी वाट तिरस्काराची. शूद्राचे नाव निंदादर्शक असावे, असे मनुस्मृतीचा दुसरा अध्याय स्पष्टच सांगतो, आणि पोथी न वाचलेल्या गावांनीही तो नियम निष्ठेने पाळला. चर्चने या दोहोंत फरक केला पाहिजे. आजीने ठेवलेले नाव एखाद्याला प्रिय असू शकते. ते पुसण्याचा अधिकार कोणत्याही धर्मगुरूला नाही.

नवे नाव दिले की अपमान संपतो, हा मिशनऱ्यांचा समज इतिहासाने खोटा ठरवला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पंजाबात सफाईकाम करणाऱ्या जातींनी मोठ्या संख्येने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्यात ‘मसीह’ हे आडनाव रूढ झाले. आज तेच ऐकून पूर्वजांची जात ओळखली जाते. केरळात टी. के. सी. वडुतला यांच्या मल्याळम कथेतील पुलय जातीचा कंडनकोरन बाप्तिस्म्यानंतर देवस्सी होतो, पण सवर्ण ख्रिस्तींच्या लेखी पुलयच राहतो. शेवटी तो गळ्यातले पवित्र चिन्ह धर्मगुरूला परत करतो. मला ही कथा अनेक अहवालांपेक्षा बोलकी वाटते.

यात राज्यसंस्थेने आणखी एक गाठ मारली आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने हा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. परिणामी अनेक कुटुंबे चर्चमध्ये एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे नाव वागवतात. म्हणजे जे नाव टाकायचे होते, तेच सवलतीसाठी जपावे लागते! नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीतील एका महिलेचा अनुसूचित जातीच्या प्रमाणपत्राचा दावा सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला, तेव्हा तिच्या बाप्तिस्म्याची नोंदही पुरावा ठरली. चर्चची वही आता केवळ चर्चची उरलेली नाही. आदेशातील धर्माची अट मला अन्यायकारक वाटते. परंतु ती असेपर्यंत, नोंदीचे परिणाम आधी समजावून सांगणे हे धर्मगुरूचे कर्तव्यच आहे.

मग करावे काय? नाव बदलायचे की नाही, हे प्रौढाने स्वतः ठरवावे आणि बदलायचेच तर नवे नावही त्यानेच निवडावे. ते बायबलमधलेच असावे असा हट्ट नको. मुलांबाबत घाई करू नये, पण जाणत्या मुलीला विचारावे जरूर. साताऱ्यात २०११ मध्ये जिल्हा प्रशासनाने पावणेतीनशेहून अधिक ‘नकुशां’ना नवी नावे दिली. उपक्रम स्तुत्यच होता, मात्र नको असलेपण विसरायला निघालेल्या मुलींना त्यासाठी समारंभात उभे राहावे लागले. चर्चमध्ये लग्नाच्या सूचना भर उपासनेत वाचल्या जातात. तिथे जुने नाव उच्चारण्याची गरज नाही.

नाव हा अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सीबीएसईशी संबंधित प्रकरणात मान्य केले. तरीही प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातील जाहिरात आणि राजपत्र हा प्रवास मजुराला रोज बुडवूनच करावा लागतो. ज्या चर्चकडे शाळा, कारकून आणि वकिलांची ओळख आहे, त्याने बाप्तिस्म्याच्या आधी हा अर्ज भरून द्यावा.