शेळ्यामेंढ्यांच्या लेंडीची सूक्ष्मदर्शकाने परीक्षा

पावसाळा अर्धा सरला की शेळ्यामेंढ्या बाळगणाऱ्या आमच्या शेतकरी बंधूंपुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो. जनावर खाते, पण अंगी लागत नाही. केस राठ होतात. एखाद्यास हगवण लागते, तर एखाद्याच्या जबड्याखाली पाणी साचून सूज लोंबू लागते. आणि एके सकाळी ते वाड्यात मरून पडलेले आढळते. ‘जंत झाले’ असे म्हणून सर्व कळपास एकच औषध पाजण्यात येते. गुण आला तर ठीक; न आला तर औषधच खोटे होते असे समजून दुसरे आणतात. आमचे म्हणणे असे की, ‘जंत’ या एका शब्दाखाली अगदी भिन्न जातींचे जीव मोडतात, एकाचे औषध दुसऱ्यास बाधत नाही, आणि पोटात कोण आहे हे पुष्कळ अंशी लेंडीवरून ठरविता येते.

लेंडी जमिनीवरून उचललेली नसावी, कारण मातीतील निरुपद्रवी कृमी तीत शिरून परीक्षकास फसवितात. हातमोजा घालून ती थेट गुदद्वारातून काढावी व डबीवर जनावराची खूण लिहावी. उबदार हवेत कित्येक अंडी एका दिवसात फुटतात. सबब तपासणी त्याच दिवशी करावी, अथवा डबी शीतपेटीत ठेवावी, मात्र गोठू देऊ नये.

पुढील कृती घरच्या मिठाने होते. एक लिटर पाण्यात सुमारे ४०० ग्रॅम मीठ घालून ढवळावे. थोडे मीठ तळाशी विरघळल्यावाचून राहिले म्हणजे पाणी पूर्ण खारावले असे समजावे. दोनतीन लेंड्या या पाण्यात चुरून चहाच्या गाळणीतून गाळाव्यात, पाणी अरुंद बाटलीत काठोकाठ भरावे व तोंडावर पातळ काच ठेवावी. असे पाणी साध्या पाण्याहून सुमारे १.२ पट जड असल्यामुळे बहुतेक अंडी वर तरंगतात. पंधरा मिनिटांनी काच सरळ उचलून काचपट्टीवर ठेवावी आणि १०० पट मोठे करून पाहावे.

नवशिक्यास प्रथम दिसतात ते हवेचे बुडबुडे! जाड काळ्या कडेचे, तंतोतंत गोल, आत काही नसलेले जे दिसेल ते सोडून द्यावे. परागकण व गवताची लवही अशीच चकवितात. खऱ्या अंड्यास ठरावीक माप, रेखीव कवच व आत काही रचना असते. लांबट गोल, पातळ कवचाचे, आत पेशींचा द्राक्षांसारखा घोस असलेले, सुमारे ७० ते ९० मायक्रॉन लांबीचे अंडे हे गोलकृमींच्या मोठ्या कुळाचे होय. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. याच कुळात हिमाँकस नावाचा, चौथ्या जठरात राहून रक्त पिणारा कृमी येतो. एक कृमी दिवसास सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घालवितो असे मानतात. म्हणजे दोन हजार कृमी झाले की रोजचे १०० मिलिलिटर रक्त गेले. जबड्याखालील सूज बहुधा याचीच खूण असते. मात्र या कुळातील निरनिराळ्या कृमींची अंडी नुसत्या नजरेने वेगळी ओळखता येत नाहीत. त्यासाठी लेंडी सुमारे आठवडाभर उबेत ठेवून निघालेल्या अळ्या पाहाव्या लागतात.

दोन्ही टोकांस बूच बसविल्यासारखे, तपकिरी, लिंबाच्या आकाराचे अंडे चाबूककृमीचे. त्रिकोणी किंवा चौकोनी दिसणारे अंडे पट्टकृमीचे. त्याचे तांदळासारखे तुकडे लेंडीवर डोळ्यांनीही दिसतात, म्हणून लोक त्यालाच फार भितात. वस्तुतः हिमाँकसच्या मानाने तो पुष्कळच सौम्य आहे. याहून बरेच लहान, २० ते ३५ मायक्रॉनचे गोलसर दाणे दिसले तर ते जंतांचे अंडे नव्हेच. ते कॉक्सिडिया या एकपेशीय जीवाचे होत. करडांची हगवण पुष्कळदा यांच्यामुळे लागते, आणि तेथे अल्बेंडाझोल पाजणे व्यर्थ. तथापि थोडे दाणे धडधाकट शेळीतही असतात, हे विसरू नये.

यकृतातील चपट्या कृमीचे अंडे मोठे व जड असल्याने या मिठाच्या पाण्यात नीट सापडत नाही. तळी व ओढ्यांच्या काठी, जेथे गोगलगायी असतात तेथे चरणाऱ्या कळपाची लेंडी साध्या पाण्यात कालवून, गाळून, निवळू द्यावी. वरचे पाणी हलकेच ओतून पुन्हा नवे घालावे, आणि असे तीनचार वेळा करून तळचा गाळ पाहावा. त्यात मेथिलीन ब्ल्यूचा थेंब टाकला की कचरा निळा होतो व सोनेरी पिवळे अंडे उठून दिसते.

अंडी मोजताही येतात. १९३९ साली ऑस्ट्रेलियातील गॉर्डन व व्हिटलॉक यांनी मेंढ्यांसाठी मोजणीची रीत प्रसिद्ध केली. तिची आखीव काच मॅकमास्टर नावाने ओळखली जाते. दोन ग्रॅम लेंडी खाऱ्या पाण्यात कालवून एकूण ६० मिलिलिटर केली, तर दोन्ही खणांतील अंड्यांच्या बेरजेस १०० ने गुणले असता एका ग्रॅममधील संख्या निघते. औषधापूर्वी व औषधानंतर १४ दिवसांनी अशी मोजणी करावी. घट शेकडा ९५ हून कमी असेल तर कृमी त्या औषधास निर्ढावले असा संशय धरावा. ही भीती काल्पनिक नव्हे. थायाबेंडाझोल १९६१ साली बाजारात आले, आणि १९६४ सालीच त्यास न जुमानणारा हिमाँकस अमेरिकेत नोंदला गेला. सरसकट व वारंवार पाजण्याने, तसेच कमी मात्रेने, असे कृमी निवडून मागे राहतात. मेंढीची मात्रा शेळीस अनेक औषधांत अपुरी पडते. ती पशुवैद्यकासच विचारावी.

अंडे न दिसणे म्हणजे पोट स्वच्छ, असे मात्र नाही. हिमाँकस पोटात गेल्यापासून सुमारे तीन आठवडे व यकृतकृमी दोन महिन्यांहून अधिक काळ अंडी घालीत नाही, तरी नुकसान आधीच सुरू होते. म्हणून लेंडीबरोबर डोळ्याची खालची पापणीही उलटून पाहावी. ती लालऐवजी पांढुरकी दिसली, तर मोजणीची वाट न पाहता जनावर त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.