आजार एक, दारे चार

“डॉक्टर, अंगात ताकदच राहिली नाही.” सोमाटणे फाट्यावरच्या कोणत्याही दवाखान्यात ही तक्रार घेऊन पवन मावळातला भातशेतकरी येऊ शकतो, तसाच तळेगाव एमआयडीसीत रात्रपाळी करणारा कामगारही. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड सगळे तपासून होते. अहवालांत काही सापडत नाही आणि थकवा काही जात नाही. मग कुणी सलाईन लावून घेते, कुणी वैद्यांकडे जाते, कुणी देवऋष्याकडे. आजार शरीराचा की मनाचा, असा प्रश्न डॉक्टरांना पडतो. त्याआधीचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा राहूनच जातो: हे कशामुळे झाले, असे तुम्हाला वाटते?

या प्रश्नाला शास्त्राची शिस्त लावण्याचे मोलाचे काम सोमाटण्यापासून तीसेक किलोमीटरवर, पुण्याच्या केईएम रुग्णालयात झाले आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. वासुदेव परळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थकवा व अशक्तपणाने बेजार झालेल्या ३५२ रुग्णांच्या मुलाखती घेतल्या. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले रुग्ण फक्त मनोविकार विभागातले नव्हते. मेडिसिन, त्वचारोग आणि आयुर्वेद विभागांच्या ओपीडीतूनही ते निवडले होते. एकाच त्रासाची माणसे वेगवेगळ्या दारांशी जातात, म्हणून चारही दारांशी जाऊन विचारणे भाग होते.

अशा थकव्याला अमेरिकी डॉक्टर जॉर्ज बिअर्ड यांनी १८६९ मध्ये ‘न्यूरॅस्थेनिया’ म्हटले होते. पुढे अमेरिकेने १९८० मध्ये हे निदान आपल्या यादीतून काढून टाकले, पण चीनमध्ये ते सर्रास होत राहिले. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी तिथल्या हुनान प्रांतात असे १०० रुग्ण तपासले. त्यांतले ८७ नैराश्याच्या निकषांत बसत होते. गोळ्यांनी अनेकांची लक्षणे कमी झाली. तरी ज्यांची नोकरीतली आणि घरातली कोंडी सुटली नव्हती, त्यांचा त्रास पुरता संपला नाही. निदान बरोबर असूनही आजार पुरता कळलेला नसतो, तो असा.

परळीकरांच्या अभ्यासात सहभागी असलेले मिचेल वाइस यांची कारकीर्द रुग्ण आपला आजार कसा समजतो, याच प्रश्नाभोवती उभी राहिली. १९७७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी प्रबंध लिहिला, तो संस्कृत वैद्यकग्रंथांतल्या उन्मादावर. चरकसंहिता उन्मादाचे दोषांमुळे होणारे प्रकार सांगते आणि बाहेरून येणारा ‘आगंतू’ प्रकारही. आपल्या गावांत आजही ‘बाहेरचे आहे’ असे म्हटले जाते. पुढे मुंबईत कुष्ठरुग्णांचा अभ्यास करताना वाइस आणि सहकाऱ्यांनी मुलाखतीची एक पद्धत घडवली. त्रास काय, कारण काय, मदत कुठे घेतली, हे आधी रुग्णाच्या शब्दांत ऐकायचे आणि मग त्याची वर्गवारी करून मोजायचे. अनुभवही टिकतो, तुलनाही करता येते.

याच विचारधारेतून मनोविकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीत १६ प्रश्नांची ‘सांस्कृतिक मुलाखत’ आली. तिची चाचणी सहा देशांत, ३१८ रुग्णांवर झाली आणि त्या केंद्रांत पुणे होते. समस्या तुम्ही कशी सांगाल, जवळच्या माणसांना ती काय वाटते, आधार कुणाचा आहे, आजवर काय करून पाहिले, असे हे साधे प्रश्न आहेत. गाव, जात किंवा धर्म पाहून अंदाज बांधण्यापासून ते डॉक्टरांना वाचवतात, कारण एकाच वाडीतल्या दोन भावांची उत्तरेही वेगळी असू शकतात.

रुग्णाचे म्हणणे ऐकणे म्हणजे ते खरे मानणे नव्हे. धातू (वीर्य) गेल्यामुळे अशक्तपणा आला असे ज्याला मनापासून वाटते, तो नैराश्याची गोळी का घेईल? त्याची भीती कळली, तरच उपचारांबद्दल त्याच्याशी खरे बोलता येते.

गर्दीच्या ओपीडीत सोळा प्रश्नांना वेळ नसेल, तर डॉक्टरांनी निदान एक तरी विचारावा. आणि आपण घरच्यांना घेऊन दवाखान्यात जाऊ, तेव्हा मनातले कारण, घरातला ताण, देवऋष्याकडे घातलेली खेप, काहीही लपवू नये. योग्य निदानासाठी ही माहितीही रक्ताच्या अहवालाइतकीच गरजेची आहे.