उकळूनही न जाणारे नायट्रेट

राजूर हे भोकरदन तालुक्यातले गणपतीचे गाव. अंगारकीला इथे भाविकांची रीघ लागते आणि टाकीत ब्लिचिंग पावडर टाकली का, याची चौकशी होते. ती व्हायलाच हवी. कॉलरा, अतिसार यांचे जंतू क्लोरीनने मरतात. विरघळलेले क्षार मात्र तसेच राहतात. रसायनशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पाण्याचे अहवाल वाचत जे शिकलो, ते इथे मांडतो.

या क्षारांत सर्वांत फसवे नायट्रेट. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या भागात विहिरीला पाणी येते ते मुरमातून आणि काळ्या पाषाणाच्या भेगांतून. शेतातला युरिया, उकिरडा, शोषखड्डा यांतला नत्र पावसाबरोबर त्याच वाटेने खाली उतरतो. भारतीय मानक १०५०० (२०१२) प्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. दुसरा स्रोत नसेल तर फ्लोराइडला १ वरून १.५ पर्यंत सवलत आहे. नायट्रेटला ती नाही.

कारण तान्ही बाळे. विहिरीच्या पाण्यातल्या नायट्रेटमुळे बाळे निळी पडतात, हे अमेरिकेतल्या आयोवाचे डॉक्टर हंटर कॉमली यांनी १९४५ मध्ये लिहिले. पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. पावडरचे दूध कालवण्यासाठी आई पाणी उकळते. त्यात वाफ जाते, नायट्रेट भांड्यातच राहते, उलट थोडे दाटच होते.

प्रयोगशाळेत नमुन्यातून २२० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सोडतात. नायट्रेट जितके जास्त, तितका प्रकाश अधिक शोषला जातो. सेंद्रिय पदार्थही तो शोषतात, म्हणून २७५ वर पुन्हा मोजून वजावट करतात. पण यंत्राच्या आधी बाटली नीट हवी. लोह, शिसे यांच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घालतात, नाहीतर धातू बाटलीला चिकटतात. तेच पाणी नायट्रेटसाठी घेतले तर आम्लातलेच नायट्रेट मोजले जाईल. म्हणून बाटल्या दोन. नायट्रेटची बाटली बर्फात ठेवून दोन दिवसांच्या आत तपासायची.

अहवाल हाती आला की आकड्याआधी त्याचे नाव वाचा. ‘नायट्रेट’ ४५ म्हणजे ‘नायट्रेट नायट्रोजन’ सुमारे १०. दुसऱ्या नावापुढे २० दिसले तर ४५ पेक्षा कमी म्हणून हायसे वाटेल. प्रत्यक्षात ते नायट्रेट ८९ च्या आसपास असते.

गावाने प्रत्येक स्रोताचे पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासून घ्यावे आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावेत. ज्या विहिरीचा आकडा ४५ च्या वर, तिचे पाणी बाळाच्या दुधाला वापरू नये. तुरटी किंवा गाळणीने ते सुधारत नाही. आरओ यंत्र बरेचसे नायट्रेट काढते. पण ते परवडत नसेल तर गावातलीच चांगला आकडा आलेली विहीर कोणती, एवढे तरी प्रत्येक घराला ठाऊक हवे.