मराठी टंकलेखन आणि स्पर्शसूचक स्विचची निवड

महाराष्ट्र शासनाच्या सेवेतील लिपिक-टंकलेखक ह्या पदासाठी मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटास ३० शब्द, किंवा इंग्रजीचा ४० शब्द, असा मागितला जातो. ह्या दोन आकड्यांतील अंतर उमेदवार निमूटपणे मान्य करतात. त्याचे कारण विचारणारा क्वचितच भेटतो. मराठीची लिपी अवघड, एवढे उत्तर देऊन भागत नाही. मराठीतील एक अक्षर उमटविण्यासाठी किती कळा दाबाव्या लागतात आणि त्या कोणत्या बोटाने दाबाव्या लागतात, हे पाहिल्यावाचून ह्या प्रश्नात शिरताच येत नाही. प्रस्तुत लेखात ह्याच दृष्टीने एका लहानशा, परंतु संशोधन करणाऱ्यांच्या हातांशी निगडित असलेल्या वस्तूचा विचार करावयाचा आहे. ती वस्तू म्हणजे संगणकाच्या कळफलकातील कळीखालचा स्विच.

पूर्वी पनवेलसारख्या गावी प्रबंध टंकित करून घ्यावयाचा तर हस्तलिखित घेऊन टंकलेखकाकडे जावे लागे. आज विद्यार्थी आपला प्रबंध स्वतःच टंकित करतो, आणि त्यांतील काही जण कळफलकही स्वतःच जुळवून घेतात. खोके, सर्किटबोर्ड, कळांच्या टोप्या आणि स्विच हे भाग निरनिराळे मागवून ते घरी बसवितात. ह्या भागांपैकी स्विचची निवड सर्वांत गोंधळात टाकणारी असते. कारण बाजारात त्यांचे शेकडो प्रकार आहेत आणि त्यांविषयी जे जे लिहिले गेले आहे, ते बहुतेक सर्व इंग्रजी लिहिणाऱ्यांनी इंग्रजी लिहिण्यासाठी लिहिले आहे.

यांत्रिक स्विचची रचना थोडक्यात अशी. प्लास्टिकच्या डबीत एक दांडा वरखाली सरकतो. त्याखाली स्प्रिंग असते आणि बाजूला धातूची पातळ पाती असतात. दांडा सुमारे २ मिलिमीटर खाली गेला की पाती एकमेकांस टेकतात व अक्षर उमटते. ४ मिलिमीटरवर दांडा तळाला लागतो. हे आकडे जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८० च्या दशकात बाजारात आणलेल्या ‘एमएक्स’ जातीच्या स्विचचे असून, त्यांच्या एकस्वाची मुदत २०१४ च्या सुमारास संपल्यानंतर इतरांनी काढलेले बहुतेक स्विच त्याच घडणीचे आहेत. ह्या स्विचांचे तीन वर्ग पडतात. पहिल्यात दांडा अडथळ्याविना सरळ उतरतो. दुसऱ्यात दांड्याच्या पायाला लहानसा उंचवटा असतो. तो पातीवरून घसरताना बोटाला क्षणभर विरोध जाणवतो आणि लगेच ओसरतो. ह्यांना आपण स्पर्शसूचक म्हणू. तिसऱ्या वर्गात स्पर्शाबरोबर ‘टिक्’ असा आवाजही होतो; चेन्नईच्या टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सचा ‘गोल्ड’ कळफलक ज्या कचेऱ्यांत वापरला गेला, तेथील लोकांना हा आवाज परिचित आहे.

आता मराठीकडे वळू. इंग्रजीत एक कळ दाबली की एक अक्षर पडद्यावर उमटते आणि तेथेच राहते. देवनागरीत तसे घडत नाही. ‘कार्य’ हा शब्द टंकित करताना र आणि हलन्त ह्यांच्या कळा दाबल्यावर प्रथम ‘र्’ दिसतो. य ची कळ दाबताच तो नाहीसा होऊन रफाराच्या रूपाने पुढील अक्षराच्या डोक्यावर जातो. ‘क्ष’ तयार होताना क आणि ष ही दोन्ही रूपे लोपतात. ‘कि’ लिहिताना इकाराची कळ नंतर दाबावी लागते, पण चिन्ह मात्र आधी येऊन उभे राहते. तात्पर्य, वेगाने लिहिताना डोळ्यांना दिसणारी आकृती सारखी बदलत असते आणि शेवटची कळ खरोखर लागली की नाही, ह्याचा निर्वाळा त्यांना चटकन देता येत नाही. तो बोटालाच मिळावा लागतो. मराठी लिहिणाऱ्याने सरळ चालीचा स्विच सोडून स्पर्शसूचक घ्यावा, असे मी म्हणतो ते ह्यासाठी.

जुन्या टंकयंत्रात ही सोय अनायासे होती. मराठी टंकयंत्रावरील काही चिन्हांच्या कळा अशा बसविलेल्या असत की त्या दाबल्या असता चिन्ह उमटे, पण गाडा पुढे सरकत नसे. गाडा सरकला की नाही हे हाताला व कानाला कळे, आणि त्यावरून नुकतेच काय उमटले ह्याचेही भान राही. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचे पहिले टंकयंत्र तयार केले. त्यांच्या कारखान्यातील ही निर्मिती २००९ च्या सुमारास थांबली. त्यांच्याबरोबर हे भानही गेले, असे म्हणावयास हरकत नाही.

स्पर्शसूचक स्विच घ्यावा हे ठरले, तरी कोणता, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर कळांच्या मांडणीत दडलेले आहे. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने सर्व भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट ही मांडणी सिद्ध केली व १९९१ च्या भारतीय मानकात तिचा समावेश झाला. तिचे तत्त्व मोठे सुबक आहे. स्वर आणि स्वरचिन्हे डाव्या हाताखाली व बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली आहेत. त्यामुळे दोन्ही हात आळीपाळीने चालतात. परंतु डाव्या हाताचे मधले बोट ज्या तीन कळांवर फिरते त्या पाहा. वरच्या ओळीत, इंग्रजी ‘ई’ च्या जागी, काना आहे. मधल्या ओळीत ‘डी’ च्या जागी हलन्त. खालच्या ओळीत ‘सी’ च्या जागी म. त्याच तीन कळा शिफ्टसह दाबल्या असता अनुक्रमे आ, अ आणि ण उमटतात. मराठीतील अतिशय वारंवार येणारी ही सहा चिन्हे एकाच बोटाच्या वाट्याला आली आहेत.

उदाहरणे घेऊन पाहू. ‘महाराष्ट्र’ ह्या शब्दाला, शिफ्ट वगळता, दहा आघात लागतात : म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. त्यांपैकी पाच डाव्या मधल्या बोटाचे. ‘आम्ही’ मध्ये पाचांपैकी तीन, आणि तेही लागोपाठ : वरच्या ओळीत आ, तेथून खाली म, तेथून मधे हलन्त. ‘प्रमाण’ ह्या शब्दात सहांपैकी चार. त्यांतील शेवटच्या तिन्हींत, म्हणजे म, काना आणि ण ह्यांत, ते बोट खालून वर व वरून पुन्हा खाली उडी घेते. ‘माझा’ मध्ये चारांपैकी तीन. गमतीची गोष्ट अशी की ‘पनवेल’ ह्या शब्दाला मात्र हे बोट एकदाही लागत नाही. गावाने आपल्या लेखनिकांवर तेवढी कृपा केली आहे.

ह्याचा परिणाम मी स्वतः अनुभवला आहे. माझ्या पहिल्या कळफलकासाठी मी मोठ्या उंचवट्याचे व जड स्प्रिंगचे स्विच मागविले. इंग्रजी समीक्षकांनी त्यांची वाहवा केली होती. इंग्रजी मजकूर लिहिताना ते सुखद वाटत. मराठीचे एक प्रकरण पुरे होईतो डाव्या मधल्या बोटाचे मूळ दुखू लागले, आणि इतर नऊ बोटांना काहीच झाले नव्हते. प्रथम मी दोष माझ्या बसण्याला दिला. खुर्ची बदलली, मेज बदलले. वरील मोजणी करावी हे पुष्कळ उशिरा सुचले.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे इष्ट होईल. जड स्विचमुळे बोट दमते ते अधिक कार्य करावे लागते म्हणून, असे सहज वाटते. पदार्थविज्ञानातील अर्थाने हे कार्य अगदी क्षुल्लक आहे. सरासरी अर्धा न्यूटन बल ४ मिलिमीटर अंतरातून लावले तर कार्य ०.००२ ज्यूल होते. २०,००० आघातांचे मिळून ४० ज्यूल, म्हणजे एक किलोचे वजन चार मीटर उचलण्याइतके. थकवा येतो तो एकाच स्नायुबंधावर पुनःपुन्हा पडणाऱ्या बलाच्या शिखरामुळे, तळाशी बसणाऱ्या धक्क्यामुळे आणि पहिल्या कळीवरून सुटून दुसरीवर जाण्याच्या घाईमुळे. शेवटचे कारण मराठीपुरते सर्वांत महत्त्वाचे होय. कारण उंचवटा खाली जाताना जसा आडवा येतो तसाच वर येतानाही येतो; स्प्रिंगला दांडा पातीवरून पुन्हा वर ढकलावा लागतो. म्हणूनच मोठ्या उंचवट्याला हलकी स्प्रिंग जोडून भागत नाही. परतीची चाल मंदावते व कधी कधी दांडा अडकल्यासारखा होतो. मोठा उंचवटा हवा तर जड स्प्रिंग घ्यावीच लागते, आणि तिचा भार काना, हलन्त व म ह्यांच्या बोटावर पडतो.

ह्या कसोटीला प्रसिद्ध स्विच लावून पाहता असे दिसते. चेरीच्या ब्राउन स्विचचे बल सुमारे ४५ ते ५५ सेंटिन्यूटन (एक सेंटिन्यूटन म्हणजे साधारण एका ग्रॅमचे वजन). तो हलका आहे; पण त्याचा उंचवटा इतका पुसट आहे की पुष्कळांना तो जाणवतही नाही. मग ज्या निर्वाळ्यासाठी स्पर्शसूचक स्विच घ्यावयाचा तोच मिळत नाही. चेरीचा क्लिअर स्पष्ट आहे, परंतु तळाकडे फार जड होत जातो. ‘होली पांडा’ ह्या नावाने ओळखला जाणारा स्विच अगदी वरपासून सुरू होणाऱ्या रुंद, गोल उंचवट्यामुळे लोकप्रिय झाला. इंग्रजीसाठी तो उत्तम असेल, मधल्या बोटाच्या त्या तीन कळांवर मात्र मी तो बसविणार नाही. तेथे मध्यम उंचवट्याचा, वरच्या बाजूस लवकर जाणवणारा व चपळ परतीचा स्विच योग्य होय. ग्रंथालयात बसून काम करणाऱ्यांनी आतून मऊ गाद्या बसविलेल्या निःशब्द स्पर्शसूचक स्विचचा, उदाहरणार्थ बोबा यू-४ चा, विचार करावा.

सर्व कळांना एकच स्विच असावा, असा कोठेही नियम नाही. ज्या सर्किटबोर्डात स्विच डाख न देता खोबणीत बसतो, तोच घ्यावा. म्हणजे कळागणिक स्विच बदलता येतो. ही मुभा शिफ्टच्या बाबतीत विशेष उपयोगी पडते. इन्स्क्रिप्टमध्ये ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ हे सारे महाप्राण शिफ्टसह येतात. शिवाय ळ, श आणि ष हेही. ही सर्व व्यंजने उजव्या हाताखाली असल्यामुळे त्यांच्यासाठी डावी शिफ्ट दाबून धरावी लागते, आणि ती धरते करंगळी. धरून ठेवावयाच्या कळीला उंचवट्याचा काहीच उपयोग नाही. तेथे हलक्या स्प्रिंगचा, सरळ चालीचा स्विच बसवावा.

पनवेलच्या हवेविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. खाडीची खारट हवा आणि जून ते सप्टेंबर ह्या महिन्यांतील दमटपणा धातूच्या पात्यांना मानवत नाही. संपर्कबिंदूवर सोन्याचा मुलामा नसलेला स्वस्त स्विच दुसऱ्या पावसाळ्यात एका आघातात दोन अक्षरे उमटवू लागला तर नवल नाही. इंग्रजीत त्यामुळे एखादे अक्षर जोड दिसते. मराठीत हलन्त दोनदा लागला तर शब्दच मोडतो, व काही संगणकांवर त्या जागी तुटक रेषेचे वर्तुळ दिसू लागते. वंगण देण्याची पद्धत आहे, ती चांगली आहे. पण दांड्याच्या ज्या पायांवर उंचवटा असतो त्यांना ते लावू नये, अन्यथा उंचवटाच बोथट होतो. स्प्रिंगला आणि दांड्याच्या कडांना पातळ थर पुरे.

एकच कळ असलेल्या नमुन्यावर तर्जनीने दाबून पाहून स्विच निवडण्याची रीत मला निरुपयोगी वाटते. तर्जनी सर्व स्विचांना चांगलेच म्हणते. निरनिराळे तीन-चार प्रकार प्रत्येकी तीन मागवावेत, ते काना, हलन्त आणि म ह्यांच्या जागी बसवावेत, आणि आपल्याच प्रबंधातील एखादे पान प्रत्येकावर दोनदा टंकित करावे. दुसऱ्या वेळी हलन्त किती सुटले ते मोजावे. रेमिंग्टन धर्तीच्या मांडणीची सवय असलेल्यांस वरील शब्दांची मोजणी लागू पडणार नाही. त्यांनी कागदावर आपली मांडणी काढून आपल्या लेखनातील शंभर शब्द बोटागणिक मोजावेत व ज्या बोटावर सर्वाधिक भार येईल, त्याच्या कळांपासून निवडीला आरंभ करावा. हे काम एका दुपारचे आहे.