डब्याला नाव, तसं मजकुराला नाव

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा. ग्रामसंघ कुठल्याही तालुक्यातला असो, बँकेत कर्जाची फाईल द्यायची वेळ आली की एकच शोध सुरू होतो: कर्जाचा ठराव कोणत्या बैठकीत झाला? सह्यांचं रजिस्टर महत्त्वाचं आहेच. पण इतिवृत्त संगणकावरही लिहीत असाल, तर हा शोध सोपा करता येतो. त्यासाठी ‘स्टाइल’ समजून घेऊ.

आपण ठराव टाइप करतो, मग तो निवडून अक्षर मोठं करतो, ठळक करतो. पुढच्या ठरावाला पुन्हा तेच. वर्षाच्या शेवटी एक ठराव मोठा, एक बारीक. शिवाय ठराव कोणता आणि चर्चा कोणती, हे संगणकाला कळतच नाही. स्टाइल म्हणजे अक्षराचा आकार, ठळकपणा, ओळींमधलं अंतर हे सगळं एका नावाखाली बांधून ठेवणं.

लिबरऑफिस रायटर हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यात एक ठराव हवा तसा सजवा आणि कर्सर त्यातच ठेवा. एफ ११ दाबलं की बाजूला स्टाइलची यादी उघडते. मग शिफ्ट धरून एफ ११ दाबा, नाव लिहा, ओके करा. लॅपटॉपवर कधी एफएन बटणही सोबत दाबावं लागतं. पुढच्या ठरावावर कर्सर ठेवून यादीतल्या त्या नावावर दोनदा क्लिक केलं की झालं.

नाव मात्र विचार करून द्या. डब्यावर आपण ‘तूरडाळ’ लिहितो, ‘निळ्या झाकणाचा’ नाही. झाकण उद्या बदलेल. तसंच ‘लाल ठळक’ नको, ‘ठराव’ म्हणा. ‘बैठकीची तारीख’, ‘उपस्थिती’, ‘चर्चा’ ही कामाची नावं. उद्या रंग काळा केला तरी नाव खोटं पडत नाही, आणि नव्या लेखापाल ताईला विचारत बसावं लागत नाही.

मराठीसाठी एक खूण लक्षात ठेवा. स्टाइलमध्ये फॉन्ट बदलताना ‘कॉम्प्लेक्स’ या भागात बदला. ‘वेस्टर्न’मध्ये बदललं तर देवनागरी अक्षर जसंच्या तसं राहतं.

स्टाइल एकदा बदलली की त्या फाईलमधले सगळे ठराव एकदम बदलतात. ‘ठराव’ या स्टाइलला आउटलाइन लेव्हल १ दिली, तर एफ ५ दाबताच सगळ्या ठरावांची यादी समोर येते. पानांच्या आकड्यांसह अनुक्रमणिकाही आपोआप तयार करता येते.

या स्टाइल त्याच फाईलपुरत्या असतात. म्हणून ती फाईल टेम्पलेट म्हणून जतन करा आणि पुढच्या वर्षाचं इतिवृत्त त्यातूनच सुरू करा.

येत्या बैठकीत एवढंच ठरवा: आपल्या इतिवृत्तात कोणती चार-पाच नावं लागतील? ती आधी वहीत लिहा, मग संगणकावर बसा.